महाराष्ट्रातील कर्करोग-नोंदवह्या आणि रक्ताच्या कर्करोगातील जीवितप्रमाणाचा मागोवा

१

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीत. यात्रेस आलेल्या गृहस्थाचे नाव, कूळ, गाव, बरोबर आलेली माणसे आणि पूर्वजांची नावे या वह्यांत उतरवून घेतली जात. त्याच कुळातील पुढचा कोणी यात्रेस आला म्हणजे मागील नोंद काढून तीत मधल्या काळातील जन्म व मृत्यू यांची भर घातली जाई. एकाच कुळाचा पिढ्यान् पिढ्या मागोवा ठेवणारे असे साधन क्वचितच आढळते. परंतु या वह्यांस एक स्वाभाविक मर्यादा आहे. जे कूळ पुन्हा यात्रेस आले नाही त्याची ओळ तेथेच खुंटते. ते कूळ नामशेष झाले, देशांतरास गेले, की केवळ यात्रेस येण्याचे राहून गेले, हे वहीवरून सांगता येत नाही. वही वाट पाहते; ती कोणाच्या घरी जात नाही.

रुग्णालयांतील नोंदवह्यांचीही स्थिती पुष्कळशी अशीच असते. रोगी आला, त्याच्या रोगाचे निदान झाले, उपचार झाले, तो घरी गेला, एवढे वहीवरून कळते. पुढे तो किती काळ जगला, हे मात्र तो पुन्हा आला तरच कळते. कर्करोगासारख्या व्याधीत हाच प्रश्न मुख्य आहे. निदान झालेल्या शंभरांपैकी एक वर्षाने किती हयात असतात आणि पाच वर्षांनी किती, या प्रमाणास येथे जीवितप्रमाण म्हटले आहे. ते काढण्यास प्रत्येक रोग्याविषयी तीन गोष्टी अवश्य लागतात: निदानाचा दिनांक, अखेरच्या माहितीचा दिनांक, आणि त्या दिवशी तो हयात होता की मृत. पहिली गोष्ट रुग्णालयात मिळते. उरलेल्या दोन गोष्टींसाठी नोंदवहीस रुग्णालयाबाहेर पडावे लागते. महाराष्ट्रातील कर्करोग-नोंदणीचा इतिहास हा प्रामुख्याने या बाहेर पडण्याचा इतिहास आहे, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत त्याचे महत्त्व विशेष आहे.

२

मृत्यूच्या नोंदींवरून समाजाच्या आरोग्याविषयी अनुमाने काढण्याची पद्धत लंडनच्या जॉन ग्राँट याने १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून चालत आली आहे. रक्ताच्या कर्करोगाची शास्त्रीय ओळख त्याहून बरीच अलीकडची. १८४५ साली एडिंबरा येथे बेनेट आणि बर्लिन येथे फिरखो यांनी स्वतंत्रपणे या विकाराची वर्णने प्रसिद्ध केली. रक्तातील श्वेतपेशी अमर्याद वाढतात हे ध्यानी घेऊन फिरखो याने १८४७ साली त्यास ल्युकेमिया हे नाव दिले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे वैद्यांस हा रोग ओळखता येत होता, पण त्यावर टिकाऊ उपाय हाती नव्हता. तीव्र स्वरूपाचा ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावे. अशा रोगात जीवितप्रमाण मोजण्याचे प्रयोजनच उरत नाही.

एखाद्या ठराविक प्रदेशात राहणाऱ्या सर्व कर्करोग्यांची नोंद ठेवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे सुरू झाले. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९४१ साली आणि डेन्मार्कने १९४२ साली अशी नोंदणी हाती घेतली. नोंदींवरून जीवितप्रमाण काढण्याचे गणितही याच सुमारास सिद्ध झाले. १९५० साली बर्कसन व गेज यांनी कर्करोग्यांसाठी आयुर्मान-कोष्टकाची रीत मांडली. १९५८ साली कॅपलान व मायर यांनी अशी रीत दिली की, ज्या रोग्याविषयीची माहिती मध्येच खंडित झाली त्याच्या ज्ञात काळाचाही हिशोबात उपयोग व्हावा. मात्र या रीतीमागे एक गृहीत आहे. माहिती खंडित झालेले रोगी आणि माहितीत असलेले रोगी यांचे भवितव्य सारखेच असावे, असे ती धरून चालते. हे गृहीत भारतात पुष्कळदा टिकत नाही.

३

मुंबईचा आणि रक्ताच्या कर्करोगाचा संबंध दोन वेगळ्या मार्गांनी जुळला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली ल्युकेमियाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि त्याचे उत्पन्न मुख्यतः ल्युकेमियाच्या संशोधनास लावून दिले. त्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिविज्ञान विभागाची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. शरीरातून काढलेल्या पेशीजालाची सूक्ष्मदर्शकाने तपासणी करून रोगाचे नाव निश्चित करावयाचे आणि ते पद्धतशीर लिहून ठेवावयाचे, ही शिस्त तेथे रुजली. विश्वासार्ह निदान हा पुढील प्रत्येक नोंदवहीचा पहिला आधार होय.

दुसरा मार्ग परळच्याच हाफकिन संस्थेतून जातो. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या आणि कापडगिरण्यांतील कामकरी स्त्रियांना गर्भारपणी होणाऱ्या पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास आरंभिला. यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग हटतो, असे त्यांनी १९३१ साली दाखविले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल, हे पुढे निश्चित झाले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली या आम्लाचे, आणि नंतर त्याच्या क्रियेस विरोध करणाऱ्या द्रव्यांचे संश्लेषण झाले. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे द्रव्य बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनी तीव्र ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांत रोगाचे तात्पुरते शमन झाल्याचे १९४८ साली प्रसिद्ध झाले.

हे शमन अल्पकाळचे होते, तरी त्याने प्रश्नाचे स्वरूप पालटले. पूर्वी “रोग कोणता?” एवढेच विचारले जाई, आता “उपचारानंतर किती काळ?” असे विचारणे भाग पडले. त्या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, ते रोग्याच्या घरी असते.

४

१९५१ साली डॉ. दाराब जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. या संस्थेने जून १९६३ मध्ये मुंबई कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली. ठराविक लोकसंख्येवर आधारलेली भारतातील ही पहिली कर्करोग-नोंदणी होय. तिचे क्षेत्र बृहन्मुंबई.

या नोंदणीची कार्यपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. युरोपातील काही देशांत डॉक्टरांकडून वा रुग्णालयांकडून सूचना येत आणि कचेरीत बसून त्यांचे संकलन करता येई. मुंबईत तसे होणे शक्य नव्हते. म्हणून नोंदणीचे कर्मचारी स्वतः सरकारी, महापालिकेच्या व खाजगी रुग्णालयांत आणि रोगनिदानाच्या प्रयोगशाळांत जाऊन कागद तपासत. एकच रोगी तीन रुग्णालयांत गेला असेल तर तीन नोंदींची एक नोंद करणे हे त्यांचे काम असे. महानगरपालिकेच्या मृत्युनोंदीही नियमाने पाहिल्या जात. ज्याच्या मृत्युपत्रावर कर्करोग हे कारण आहे पण ज्याचे नाव नोंदणीत नाही, असा मनुष्य आढळला म्हणजे त्याचा मागील वैद्यकीय इतिहास शोधला जाई. शोध निष्फळ ठरल्यास ती नोंद केवळ मृत्युपत्रावर आधारलेली मानली जाते. निदानाचा दिनांकच ठाऊक नसल्यामुळे जीवितप्रमाणाच्या हिशोबातून ती गाळावी लागते. अशा नोंदी जितक्या अधिक तितका त्या नोंदणीचा आधार दुबळा.

दुसरा नियम निवासाचा. निदानापूर्वी निदान एक वर्ष त्या क्षेत्रात राहिलेल्या माणसाचीच नोंद लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदणीत होते. टाटा रुग्णालयात देशभरातून रोगी येतात. त्या सर्वांना मुंबईचे रहिवासी गणले तर मुंबईत कर्करोग भलताच फैलावला आहे असा भास होईल. शास्त्रदृष्ट्या हा नियम निर्दोष आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, कसारा घाट उतरून मुंबईस उपचारासाठी गेलेला नाशिकचा रोगी मुंबईच्या लोकसंख्यात्मक नोंदणीत येत नाही. रुग्णालयाच्या स्वतःच्या वहीत त्याचे नाव असते; पण कोणत्याही जिल्ह्याच्या हिशोबात त्याला स्थान नसते.

मुंबईच्या धर्तीवर पुणे, औरंगाबाद आणि नागपूर या शहरांतही पुढे नोंदणी सुरू झाली. १९८१-८२ च्या सुमारास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि मुंबईचे काम त्या व्यापक योजनेचा भाग बनले.

५

शहरात जमलेली पद्धत खेड्यात चालेल काय, याची परीक्षा बार्शी येथे झाली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयात ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांनी या कामास आकार दिला.

खेड्यात तपासावयास रुग्णालये थोडी, आणि पुष्कळ रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून येथे नोंदणीच गावोगाव गेली. कार्यकर्ते ठराविक काळाने प्रत्येक गावास भेट देत, गावातील जाणत्या माणसांशी संबंध जोडीत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रोग्यास तपासणीसाठी बार्शीस आणीत. पुढे त्याच गावभेटींत पूर्वीच्या रोग्यांची खुशाली विचारली जाई. रोगी शोधणे आणि त्याचा पाठपुरावा करणे ही दोन्ही कामे एकाच फेरीत होत असल्याने, ज्याचा ठावठिकाणा लागत नाही असा रोगी बार्शीच्या वहीत क्वचितच राहतो. खेड्यातील माणूस मृत्युपत्राशिवाय मरण पावेल. पण गावाला त्याचा विसर पडत नाही, या साध्या गोष्टीचा येथे शास्त्रीय उपयोग करून घेतला गेला.

१९९८ साली फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने विकसनशील देशांतील कर्करोग्यांच्या जीवितप्रमाणाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चीन, क्यूबा, भारत, फिलिपिन्स व थायलंड या देशांतील नोंदणींची माहिती होती. भारतातून मुंबई, बार्शी, बंगलोर व मद्रास यांचा समावेश होता. युरोप-अमेरिकेतील आकड्यांवरून भारतीय रोग्याचे भवितव्य सांगण्याची तोवरची रीत येथून बदलू लागली.

६

पाठपुरावा अपुरा राहिल्यास आकडे किती फसवे होतात, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. ल्युकेमियाचे १०० रोगी नोंदविले गेले असे समजावे. पाच वर्षांनी त्यांपैकी ४० मृत्यू पावल्याचे कळले, ३० हयात असल्याचे कळले आणि ३० जणांचा पत्ता लागला नाही. बेपत्ता रोगी हयात मानले तर जीवितप्रमाण ६० टक्के येते. ते सर्व मृत मानले तर ३० टक्के. त्यांना हिशोबातून गाळले तर ७० पैकी ३०, म्हणजे सुमारे ४३ टक्के. रोग तोच, रोगी तेच, उपचार तोच. आणि तरीही उत्तरे तीन.

त्यातही केवळ मृत्युनोंदींशी नावे ताडून पाहणे आणि ज्याचे नाव सापडले नाही तो हयात असे मानणे, ही पद्धत भारतात धोक्याची ठरते. मुंबईत आजारी पडलेला गिरणी कामगार अखेरच्या दिवसांत कोकणात किंवा देशावर आपल्या गावी जाई. त्याच्या मृत्यूची नोंद मुंबईत होत नसे. १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची केली असली, तरी वैद्यकीय प्रमाणपत्रासह कारण नोंदले गेलेले मृत्यू २०२० सालीही देशातील नोंदणी झालेल्या मृत्यूंच्या सुमारे एक-पंचमांशच होते. नावांच्या लेखनातील भेद, विवाहानंतर बदललेली नावे आणि बदललेले पत्ते यांमुळे जुळणी आणखी अवघड होते. यास्तव मुंबईतील अभ्यासकांस मृत्युनोंदींच्या जोडीला टपाल, दूरध्वनी आणि प्रत्यक्ष घरभेट या साधनांचा अवलंब करावा लागला. कार्डाचे उत्तर आले नाही म्हणून घर शोधीत गेलेला कार्यकर्ता हा या साऱ्या शास्त्रातील सर्वांत कमी उल्लेखिलेला, परंतु सर्वांत आवश्यक घटक आहे.

७

रक्ताच्या कर्करोगात आणखी दोन अडचणी आहेत. पहिली निदानाची. स्तनाची किंवा तोंडातील गाठ हातास लागते. ल्युकेमियास गाठ असतेच असे नाही. ताप, फिकटपणा, हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे इतर अनेक विकारांत दिसतात. रक्ताची व अस्थिमज्जेची तपासणी जेथे होत नाही तेथे रोगी निदानापूर्वीच दगावतो आणि कोणत्याही वहीत त्याचे नाव येत नाही. म्हणून एखाद्या ग्रामीण क्षेत्रात ल्युकेमियाची नोंद कमी आढळली, तर तेथे रोग कमी आहे असे लगेच म्हणता येत नाही. शिवाय जे निदानापर्यंत पोहोचले तेवढ्यांचेच जीवितप्रमाण मोजले जाते, आणि ते सबंध प्रदेशाच्या स्थितीहून बरे दिसू शकते.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. रक्ताचा कर्करोग हे एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांचे कुलनाम आहे. मुलांत अधिक आढळणारा तीव्र लसीकापेशींचा ल्युकेमिया, प्रौढांतील तीव्र मज्जापेशींचा ल्युकेमिया, दीर्घकालीन मज्जापेशींचा ल्युकेमिया, लसीकाग्रंथींचे कर्करोग आणि मायलोमा यांची गती व उपचार भिन्न आहेत. नोंदीत केवळ “ल्युकेमिया” एवढाच शब्द असेल तर त्यावरून काढलेले प्रमाण म्हणजे भिन्न वस्तूंची सरासरी होय.

भिन्नता किती असू शकते हे दोन उदाहरणांवरून दिसेल. दीर्घकालीन मज्जापेशींच्या ल्युकेमियात आढळणारे विशिष्ट गुणसूत्र १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ओळखले गेले. त्याच्या परिणामावर नेमका प्रहार करणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. त्यापूर्वी या रोगात काही वर्षांचेच आयुष्य अपेक्षित असे. नियमित औषध घेणाऱ्या पुष्कळ रोग्यांचे आयुष्य आता सर्वसाधारण माणसाच्या जवळपास जाते. भारतात या औषधाच्या एका स्फटिकरूपास पेटंट नाकारण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कायम केला, आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त औषधाचा मार्ग निर्वेध राहिला. औषध स्वस्त झाले म्हणजे ते पोहोचले असे मात्र होत नाही. ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले की नाही याचा निवाडा लोकसंख्येवर आधारलेले जीवितप्रमाणच करू शकते.

दुसरे उदाहरण मुलांचे. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण केले. त्याच दशकात मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील केंद्रांनी तीव्र लसीकापेशींच्या ल्युकेमियासाठी एमसीपी-८४१ ही समान उपचारपद्धती स्वीकारली. पूर्वी बहुधा मृत्यूतच संपणाऱ्या या रोगातून अनेक मुले बरी होऊ लागली. तथापि, उपचार दोन वर्षांहून अधिक चालत असल्याने काही कुटुंबे ते मध्येच सोडून गावी परतत. प्रयोगाच्या हिशोबात असे मूल “माहिती खंडित” ठरते. वस्तुतः त्याचे भवितव्य उपचार पूर्ण करणाऱ्या मुलासारखे नसते. कॅपलान-मायर रीतीचे मूळ गृहीत येथेच ढळते, आणि आकडा सत्याहून उजळ दिसतो.

८

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात देशातील लोकसंख्येवर आधारलेल्या २८ आणि रुग्णालयांवर आधारलेल्या ५८ नोंदणींची माहिती होती. त्यांपैकी लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदणी महाराष्ट्रात मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड येथील होत्या. नाशिक जिल्हा त्या यादीत नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. त्याच्या पंधरा तालुक्यांत मालेगावसारखे यंत्रमागांचे शहर आहे, निफाडसारखा द्राक्षबागांचा प्रदेश आहे, तसेच सुरगाणा व पेठ यांसारखे आदिवासी तालुकेही आहेत. नाशिक शहरात रक्ताच्या कर्करोगाचे निदान व उपचार होतात. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे.

सुरगाण्याकडील एखाद्या मुलाचे निदान नाशिकला होते, उपचार मुंबईस होतात आणि अखेर पाड्यावर येते, तेव्हा त्याच्या आजाराचे तीन तुकडे तीन ठिकाणी पडतात. निदानाचा कागद नाशिकच्या प्रयोगशाळेत, उपचाराचा मुंबईच्या रुग्णालयात, आणि मृत्यूची नोंद झालीच तर ग्रामपंचायतीत. हे तुकडे जोडणारी व्यवस्था नसेल तर पहिल्या वहीत ते मूल नवा रोगी, दुसऱ्या वहीत बेपत्ता आणि तिसऱ्या वहीत तापाने गेलेले मूल ठरते. तीनही नोंदी आपापल्या जागी प्रामाणिक असूनही एकत्रित चित्र खोटे निघते.

मुंबईने हे तुकडे रुग्णालयांच्या व मृत्युनोंदींच्या जुळणीने जोडले. बार्शीने गावभेटींनी जोडले. नाशिकसारख्या जिल्ह्यास, ज्यात मोठे शहरही आहे आणि दुर्गम पाडेही आहेत, या दोन्ही रीतींची जोड घालावी लागेल. त्यासाठी लागणारे ज्ञान महाराष्ट्रात १९६३ पासून साठत आले आहे. गणकयंत्रांमुळे नावे ताडण्याचे कामही सुलभ झाले आहे. परंतु रोग्याच्या दारापर्यंत जाण्याचे काम आजही माणसालाच करावे लागते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे टिकणारा कर्मचारीवर्ग व निधी लागतो. जोवर जिल्ह्याच्या स्वतःच्या नोंदवहीत निदानाच्या दिनांकापुढील दोन रकाने भरले जात नाहीत, तोवर नाशिकच्या ल्युकेमियाग्रस्त रोग्यांविषयी केले जाणारे प्रत्येक विधान हे इतर शहरांच्या आकड्यांवरून काढलेले अनुमानच राहील.